नववी 'ब', शेवटचा बाक आणि चित्रकलेचा रिकामा तास

फळाखडू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवते. यंदा नववी ब माझ्याकडे. पटावर ५८. त्यातली सहा अशी, की हजेरीला नाव पुकारलं की अख्खा वर्गच ओरडतो, "नाही आला बाई!" पाच मुलगे, एक मुलगी. आली तरी शेवटचा बाक. वाचायला उभं केलं की नजर खाली. एकजण तर जोडाक्षर आलं की असा थांबतो, जणू पुढे पुलावरून पाणी चाललंय.

आमचे चित्रकलेचे सर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, जागा अजून रिकामी. वेळापत्रकात तास आहे, बुधवारी शेवटचा. तो यंदा माझ्या वाट्याला आला. चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पहिल्या बुधवारी घटक चाचणीचे पेपर तपासायचे होते, म्हणून पाठकोरे कागद वाटले आणि म्हटलं, काहीही काढा, आवाज नको.

कागद गोळा केले तर एकावर ट्रॅक्टर. तोही मागून. ट्रॅक्टर मागून कोण काढतं? हायड्रॉलिकचे दोन्ही हात, वरची टॉप लिंक, पीटीओचा (मागची अवजारं फिरवणारा) दांडा आणि त्यावरचं चेपलेलं झाकण, ट्रॉलीचा हुक. डाव्या टायरची नक्षी पार झिजलेली, उजव्याची कोरी. मी विचारलं, दोन्ही टायर वेगळे का? म्हणाला, "मामाचा हाय. पैसे एकाच टायरचे होते." मग दहा मिनिटं बोलत होता. जूनपासून या पोराच्या तोंडून 'हजर'पलीकडे शब्द ऐकला नव्हता मी.

पुढच्या बुधवारी तो आला. गुरुवारी नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी सहातली चार आली.

माझा प्रश्न असा: यातून पुढे काही होतं का? की फक्त बुधवारी येणारी सहा मुलं तयार होतात? स्टाफरूममध्ये म्हणतात, बाई लाडावून ठेवतायत. मुख्याध्यापक म्हणतात, सुंदर शाळेच्या स्पर्धेसाठी भिंतीवर सुविचार रंगवून घ्या त्यांच्याकडून. ज्यांना 'स्वच्छता' वाचता येत नाही त्यांनी ते भिंतीवर लिहायचं!

सिद्धांत नकोत, अनुभव सांगा.

रिकामटेकडा

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीला टेकलेलं नारळाचं झाड, वर चार 'व' म्हणजे पक्षी. माझी कलाकारकीर्द इथेच सुरू झाली आणि इथेच संपली. त्या मुलाला सांगा, ट्रॅक्टर मागून काढणारा माणूस आयुष्यात कुठेही अडत नाही.

सुषमा_क

@रिकामटेकडा, नदी डोंगरातून निघून थेट झोपडीच्या दारात यायची ना? आमच्याकडे तर सूर्याला डोळेही असायचे.

बाई, माझी गणिताची वही मागच्या पानांपासून भरायची. सरांनी ती वर्गासमोर उलटी उघडून दाखवली आणि सगळे हसले. त्यानंतर मी चित्र काढलं नाही, आणि गणितही सुधारलं नाही. तेव्हा निदान एवढं करा, चित्र बंद करणं ही शिक्षा म्हणून वापरू नका. "गृहपाठ नाही तर आज कागद नाही" हे वाक्य लवकरच तोंडात येईल बघा.

ड्रॉइंग_मास्तर

३१ वर्षं हाच तास घेतला. त्यातले निम्मे तास गणित-विज्ञानवाल्यांनी उसने नेले आणि परत केले नाहीत, हा हिशेब वेगळा.

आधी कामाचं सांगतो. तुम्ही नकळत एक गोष्ट बरोबर केलीत, पाठकोरा कागद दिलात. कोऱ्या ड्रॉइंग पेपरची पोरांना भीती वाटते. महाग असतो, खराब होईल ही धास्ती. ज्याला पहिला शब्द लिहायची भीती, त्याला पहिल्या रेषेचीही असते. म्हणून सुरुवातीला रद्दी, वर्तमानपत्र, चुलीतला कोळसा. मोठ्या आकारात काढू द्या, बसून नाही, उभ्याने. आणि खोडरबर वर्गात नको. नापास होत आलेलं पोर अर्धा तास एकच रेघ खोडतं, कागदाला भोक पडेपर्यंत. रबर काढून घेतला की पहिले दोन दिवस चिडतात, तिसऱ्या दिवशी चुकलेल्या रेघेवरूनच पुढे जातात.

दुसरं, "काहीही काढा" फार दिवस चालणार नाही. दोन-तीन बुधवारांनी डोंगर-सूर्य येणारच. समोर वस्तू ठेवा. विळा, कंदील, दप्तर, फाटकी चप्पल. वस्तूकडे बघत काढायचं, कागदाकडे कमीत कमी बघायचं. चित्र वेडंवाकडं येतं, सगळ्यांचंच येतं. हुशार मुलांचं जास्त येतं. हा एकच तास असा, ज्यात पहिला नंबर आणि शेवटचा बाक एका पातळीवर येतात. तेवढ्यासाठी तरी करून बघा.

आता कबुली. मी आयुष्यभर एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची तयारी करून घेतली. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. आमच्या शाळेचा निकाल उत्तम असायचा. त्या गटात कोण असायचं? ज्यांच्या घरी पोस्टर कलर घ्यायला पैसे होते ती. तुमच्या सहा जणांसारखी पोरं माझ्याही वर्गात होती. मी त्यांना ब्रश धुवायचं पाणी आणायला पाठवायचो. पाणी आणण्यात ती तरबेज झाली.

दहावीचे_बाबा

सगळ्यांचा मान राखून विरोध नोंदवतो.

नववीतलं मूल वाचू शकत नाही, ही आणीबाणी आहे. दीड वर्षात बोर्ड. तिथे प्रत्येक विषयाला ३५ लागतात, आणि ट्रॅक्टर मागून काढा असा प्रश्न येत नाही. हा बुधवारचा तास त्या सहा जणांना वाचन शिकवायला वापरला तर जास्त भलं होईल. चित्राने आत्मविश्वास येतो वगैरे ऐकायला गोड वाटतं, पण आत्मविश्वासाने जोडाक्षर वाचता येत नाही.

आणि ते वाढीव गुण! इंटरमिजिएटला ए मिळाली तर दहावीला ७, बी ला ५, सी ला ३. माझ्या मुलीने घेतले, खोटं कशाला बोलू. क्लासची फी भरली, तीन महिने घोटून घेतलं, ७ मिळवले, ब्रश माळ्यावर टाकला. नव्वदवाल्यांना अजून वर चढवायची सोय आहे ती. शेवटच्या बाकाचा तिच्याशी काय संबंध?

ड्रॉइंग_मास्तर

@दहावीचे_बाबा, वाढीव गुणांच्या परिच्छेदावर माझं काही म्हणणं नाही. लागलं, पण बरोबर आहे.

आखणीवाला

मी त्या सहातला सातवा. उशिरा लिहितोय कारण मोबाईलवर टाइप करायला वेळ लागतो.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. मी सातवीत दोनदा बसलो. वाचता येत नसे. म्हणजे अक्षरं यायची, पण ती एकमेकांना धरून राहायची नाहीत. शाळा सोडून दिवसभर जिथे बसायचो तिचं नावही शाळाच. कोकणात मूर्तीच्या कारखान्याला 'गणपतीची शाळा' म्हणतात, माहीत असेल तुम्हाला. आई विचारायची, शाळेत गेलेलास काय? मी म्हणायचो, गेल्लंय. खोटं नव्हतं.

आमच्याकडे मूर्ती विकत आणत नाहीत, पाट नेऊन देतात. प्रत्येक घराचा ठरलेला लाकडी पाट असतो, आषाढापासून शाळेत यायला लागतो. पाटाच्या पाठीवर आडनाव, मूर्ती किती इंच, पीतांबराचा रंग कोणता. भिंतीला टेकून ओळीने उभे. माझं काम माती मळणं आणि काका सांगतील तो पाट काढून देणं. मी पाट ओळखायचो ते कोपऱ्यांवरून. कुणाचा समईने जळलेला, कुणाचा वाळवीने खाल्लेला.

एकदा काका म्हणाले, "प्रभूंचो पाट काढ." मी परबांचा काढून दिला. काकांनी मूर्ती अर्धी उभी केली, मग पाट उलटून बघितला. प्रभूंची मूर्ती १४ इंच, परबांची ९. ओरडले नाहीत. हाताला लागलेल्या मातीची वळी केली, पाटावरच 'प' घातला आणि त्याच्या दांड्याला खालून तिरकी काडी चिकटवली. म्हणाले, "ही काडी बघ. ही काडी दिसली तर प्रभू." बस. पुढे त्याच मातीच्या वळ्यांनी मी सावंत केले, राणे केले, म्हापणकर केले. 'म्ह' करायला दोन दिवस लागले. चतुर्थीपर्यंत शाळेत असलेले सगळे पाट मला वाचता यायचे. आडनावं संपली म्हणून मग रंगाच्या डब्यांवरचं वाचायला लागलो.

आता दहावीचे_बाबांना उत्तर. चित्राने मला वाचायला शिकवलं असं मी म्हणत नाही. पण वहीत 'प्रभू'च्या जागी 'परब' वाचलं तर कुणाचं काय बिघडत होतं? बाईंची लाल रेघ, एवढंच. इथे चुकलं असतं तर प्रभूंचा गणपती परबांच्या घरी, त्यांच्या माटवीखाली गेला असता. वाचायला काहीतरी कारण लागतं हो.

चौथ्या वर्षी काकांनी आखणी करायला दिली. आखणी म्हणजे डोळे. सगळ्यात शेवटी, सगळ्यात बारीक ब्रश, श्वास धरून. शाळेतल्या बाई त्यांची मूर्ती न्यायला आल्या तेव्हा मी तिचेच डोळे आखत होतो. "तू इथे असतोस होय!" म्हणाल्या. मला वाटलं आता कौतुक होणार. पुढच्या सोमवारी वर्गात 'दांडीबहाद्दर' म्हणून उभं केलं.

दहावी बाहेरून, १७ नंबरचा फॉर्म भरून तिसऱ्या खेपेला सुटली. गणितात ३५. आता चार महिने गणपती, बाकीचे आठ महिने दशावताराचे पडदे, देवळातली रंगकामं आणि रिसॉर्टवाल्यांच्या भिंती. बरं चाललंय.

रिकामटेकडा

म्हणजे जगातली एकमेव शाळा, जिथे विद्यार्थी वाजतगाजत घरी जातात. तुमची पोस्ट दोनदा वाचली दादा.

सुषमा_क

+१. 'वाचायला काहीतरी कारण लागतं' हे वाक्य मी उचलतेय. माझा भाचा सहावीत आहे.

मीरा_समुपदेशक

आखणीवाला दादांची पोस्ट वाचून डोळे भरले, तरी जरा कोरडं लिहिते.

'अक्षरं एकमेकांना धरून राहायची नाहीत' हे वाक्य माझ्यासमोर दर आठवड्याला कुणी ना कुणी म्हणतं. बाई, चित्राचा तास चालू ठेवा, पण त्या सहाही जणांची आधी नजर आणि ऐकणं तपासून घ्या. मागच्या बाकावरून फळाच दिसत नाही, अशी मुलं नववीपर्यंत पोचलेली मी पाहिली आहेत. मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातल्या मूळ अडचणीची चाचणी. आपल्या राज्यात अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती १९९६ पासून आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. वेळ वाढवून मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. पण प्रमाणपत्र लागतं, ते सरकारी रुग्णालयातून घ्यावं लागतं, आणि त्याला महिने जातात. दहावीच्या दिवाळीत धावपळ करून उपयोग नाही, नववीतच सुरू करा.

एक विनंती सगळ्यांना. 'अभ्यासात कच्चा म्हणजे कलेत पक्का असणारच' हा समज एका सिनेमानंतर घरोघरी पोचलाय. पालक माझ्यासमोर मुलाला विचारतात, "मग तुला चित्र तरी येतं का?" त्या 'तरी'ने मूल दुसऱ्यांदा नापास होतं. अध्ययन अक्षमता असलेल्या पुष्कळ मुलांना सरळ रेषही नीट मारता येत नाही. त्यांच्यासाठी चित्रकलेचा तास म्हणजे आणखी एक परीक्षा असते.

दहावीचे_बाबा

मीराताईंशी शंभर टक्के सहमत. आणि आखणीवाला, तुमचा मुद्दा मान्य. माती मळता मळता तुम्ही वाचायला शिकलात, कारण काकांनी शिकवलं. म्हणजे मी म्हणतो तेच झालं ना? वाचायला शिकवा!

आखणीवाला

हो. पण आधी तिथे जाऊन बसलो म्हणून शिकवलं. शाळेत मी बसतच नव्हतो.

पुणेरी_पाटी

आमच्या सोसायटीत सध्या तीन ठिकाणी 'कलेतून व्यक्तिमत्त्व विकास' चालू आहे. महिना अडीच हजार, साहित्य वेगळे. मुलांना ज्या वयात रंग खावेसे वाटतात त्या वयात त्यांचा विकास होतो. त्यामुळे असल्या धाग्यांकडे मी संशयानेच येतो. हा अपवाद.

अवांतर: शाळांनी कृपया मडक्यावर वारली काढणं थांबवावं. त्रिकोणाला त्रिकोण जोडून पोरं नाचवली की झाली लोककला.

डहाणू_फास्ट

@पुणेरी_पाटी, अवांतर आमच्या अंगणात आलं म्हणून लिहितो.

ही चित्रं मुळात मडक्यावरची नव्हतीच. लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. लग्नचौक काढायच्या त्या सवाष्णी. मधोमध पालघाट देवी, आणि तो चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नसे. म्हणजे परत आखणीवाल्यांचाच मुद्दा, चित्र कुणाला तरी हवं असायचं. जिव्या सोमा म्हसे कागदावर रोज काढायला लागले ते सत्तरच्या दशकात. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता गंमत. मी ज्या शाळेत शिकवतो तिथली निम्मी पोरं वारली. पाहुणे आले की त्यांना पुढे बसवून वारली चित्रं काढायला लावतात, कारण 'त्यांच्या रक्तातच आहे'. एका पोराला रेल्वे इंजिन सोडून दुसरं काही काढायचं नसतं. रुळाशेजारीच घर आहे त्याचं. त्याला सांगण्यात आलं, "अरे, तुमचं ते तारपा नृत्य काढ ना." तेव्हापासून पाहुणे यायच्या दिवशी तो गैरहजर.

केतकी_लेस्टर

विषय तिथलाच राहू दे, पण इथला एक अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते. इंग्लंडमध्ये मुख्य शाळेतून काढलेल्या, किंवा काढायच्या बेतात असलेल्या मुलांसाठी वेगळ्या छोट्या शाळा असतात. पीआरयू म्हणतात. तिथे मी साहाय्यक शिक्षिका आहे. १४ ते १६ वयाची मुलं, एका वर्गात सात-आठ.

आमच्याकडे सगळ्यात जास्त हजेरी चित्रकलेला. कारण मला फार उशिरा कळलं. इथे दहावीच्या तोडीची जी परीक्षा असते, जीसीएसई, तिच्यात चित्रकलेचे ६० टक्के गुण वर्षभराच्या कामाला असतात. उरलेले ४० दिलेल्या विषयावरच्या कामाला, त्यात शेवटचे १० तास देखरेखीखाली. वर्षभराच्या कामात कच्ची रेखाटनं, फसलेले प्रयत्न, मधेच बदललेला विचार, सगळं वहीत चिकटवलेलं असतं आणि ते तपासलं जातं. म्हणजे चुकलेलं पान फाडायचं नसतं, त्याला गुण असतात! ज्या मुलाने आजवर फक्त चुकलेली पानंच दिली, त्याला हे सांगितल्यावर आधी विश्वासच बसत नाही. एक मुलगा मला म्हणाला, "मिस, ही चलाखी आहे ना?"

पण भलतं चित्र उभं करू नका. इथेही २०१० मध्ये शाळांची कामगिरी मोजायला जे विषय धरले त्यांत चित्रकला नव्हती, त्यामुळे मोठ्या शाळांत तिचे तास घटले. आणि आमच्याकडे चित्रकलेचा वर्ग ही वाहनतळासारखी जागाही होते. दंगा करतोय? पाठवा तिकडे. तिथल्या शिक्षिकेने एकदा दाराला आतून कडी लावली होती.

वऱ्हाडी_ठेचा

एवढं लेस्टरला काहून जाता, सेवाग्राम इथंच हाय न राजेहो! चित्रकार देवीप्रसाद शांतिनिकेतनात शिकून १९४४ मध्ये सेवाग्रामला आले, गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत वर्षानुवर्षं पोरांले चित्रकला शिकवली. सूतकताई, शेती, संडास सफाई अन् त्याच्याच जोडीला चित्र. वेगळा 'तास' नव्हताच, त्यामुळे कोणी उसना नेऊ शकला नाही.

मास्तर, तुमच्यासाठीच लिहिलं हे.

ड्रॉइंग_मास्तर

पोचलं.

जाता जाता एक नियम सांगतो. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, क्रीडा आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक द्यावा असं परिशिष्टातच आहे. बाईंच्या मुख्याध्यापकांनी ते एकदा काढून वाचावं. नववीला त्याचा थेट उपयोग नाही, पण सहावीपासून कुणी हाताशी असेल तर नववीपर्यंत शेवटचा बाक एवढा भरणार नाही.

फळाखडू

धागा वर काढतेय. मधे तीन महिने गेले. सहामाही, दिवाळी, निवडणुकीची कामं. सगळ्यांची उत्तरं स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. मास्तरांची 'पाणी आणण्यात तरबेज' ओळ ऐकून कुणीच हसलं नाही.

काय झालं ते सांगते, सगळं चांगलंच आहे असं नाही.

डोळे तपासले. सहातल्या दोघांना चष्मा लागला! एकाला तर चांगला जाड. तो आता तिसऱ्या बाकावर बसतो आणि रोज येतो. त्याच्या बाबतीत चित्राचा काहीच संबंध नव्हता, मीराताईंना दंडवत. आणखी एकाला चाचणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलंय, तारीख मिळालीय.

आखणीवाला दादांची पोस्ट वाचून मी विज्ञानाच्या सरांना ट्रॅक्टरचं चित्र दाखवलं. ते म्हणाले, हे मला आठवीला द्या, पास्कलचा द्रवदाबाचा नियम यावरून शिकवतो, पुस्तकातल्या त्या चौकोनी नळ्या कुणाला कळत नाहीत. फक्त भागांना नावं हवीत. मी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, आठवीची पोरं वाचणार आहेत, नावं टाक. आठ दिवस आला नाही. मला वाटलं घालवलं मी सगळं. नवव्या दिवशी आला आणि विचारलं, "बाई, ट्रॉलीतला ट्र कसा काढायचा?" काढायचा म्हणाला, लिहायचा नाही. मी फळ्यावर मोठा काढून दाखवला. 'ट'च्या खाली त्याने ते दोन पाय असे जोडले, जणू जॅक लावतोय. 'हायड्रॉलिक' मात्र 'हाडरोलिक' झालं. विज्ञानाच्या सरांनी ते तसंच लावलं. आठवीतल्या एकाने चूक दाखवली, तर हा म्हणाला, "मग तू काढून दाव." दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडून दुरुस्त केलं.

मास्तर, आमच्याकडे अजून खोडरबर आहे, रागावू नका.

आता दुसरी बाजू. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. मुलगी आईवडिलांबरोबर गेली. हंगामी वसतिगृहासाठी खटपट केली, घरी दोनदा जाऊन आले. पण धाकट्या भावाला फडावर कोण सांभाळणार, हा प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती फारसं काही काढायची नाही. मेंदीची नक्षी, तीच ती. जाताना तिने उरलेले पाठकोरे कागद मागितले. मी सगळा गठ्ठा दिला.

ट्रॅक्टरवालाही मामाबरोबर गेलाय, कारखान्यावर, ट्रॉलीमागे. तीन आठवडे झाले. परवा मामाच्या फोनवरून फोटो आला. वजनकाट्याच्या पावतीच्या पाठीमागे काढलेली उसाने भरलेली बैलगाडी, समोरून. बैलाच्या खुराशेजारी लिहिलंय 'नाल'. जोडाक्षर टाळलंय बेट्याने! पण बाणही काढलाय, शास्त्रशुद्ध. खाली लिहिलंय, 'बाइ हे कोणाला पायजे का'.

राहिले दोघे. एकजण अजूनही फक्त बुधवारी येतो. दुसरा आता बुधवारीही येत नाही.

दहावीचे_बाबा

'नाल' वाचून गप्प बसलो.

बाई, तो परत आला तर त्याला सांगा, आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावी लागते, गणित-विज्ञानासकट. मी स्वतः कारखान्यात ड्रॉइंग वाचणारी माणसं शोधत फिरतो, यंत्र मागून कसं दिसतं ते डोळ्यांपुढे आणू शकणारा दहात एक सापडतो. बोर्ड फार जड वाटलं तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सोडवता येतो. त्यात चित्रकला हाही विषय आहे. हे मी लिहितोय, धागा जपून ठेवा.

रिकामटेकडा

स्क्रीनशॉट काढला.

आखणीवाला

बाई, त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलंत का? 'कोणाला पायजे का' ला?

मला पाहिजे. दशावताराच्या एका नवीन पडद्यावर बैलगाडी काढायचीय, समोरून. आमच्याकडे आता समोरून बघायला बैलगाडीच राहिली नाही. त्याला सांगा जू नीट दिसू दे, आणि दोरी कुठून कुठे जाते ते. पैसे देईन, फुकट नको.

फळाखडू

आत्ताच मामाला फोन केला. उचलला नाही, फडात असतील. संध्याकाळी करते. दादा, पैशांचं त्याच्याशीच बोला.

सुषमा_क

पुढे काय झालं ते कळवा हं. आणि मुलीचा काही फोन?

फळाखडू

नाही. त्यांच्याकडे फोन एकच आहे, तो मुकादमाच्या माणसाला लागतो.

ड्रॉइंग_मास्तर

बाई, मी तुमच्यापासून फार लांब नाही. एसटीने दीड तास. निवृत्त माणूस, शनिवारी सकाळी दुसरा उद्योग नाही. तुमच्या मुख्याध्यापकांची हरकत नसेल तर येत जाईन, मानधन नको. बुधवारवाला तो एकजण आणि बाकीचा वर्ग, जे असतील ते. सुविचार रंगवून घेणार नाही हे आधीच सांगून ठेवा.

फळाखडू

मास्तर! शनिवारी शाळा सकाळची असते, साडेसातला प्रार्थना. तुमच्याकडून पहिली गाडी किती वाजता आहे? साहित्य काय आणू ते सांगा, ड्रॉइंग पेपरचे पैसे मी बघते.

ड्रॉइंग_मास्तर

पावणेसहाची आहे. ड्रॉइंग पेपर नको, तुमचे घटक चाचणीचे जुने पेपर असतील ते ठेवा. एक विळा, एक कंदील आणि कुणाची तरी फाटकी चप्पल. पाणी मी स्वतः आणेन.